कॅम बदलण्यापूर्वीं

औरंगाबाद, म्हणजे २०२३ सालापासूनचें छत्रपति संभाजीनगर, हें शहर पूर्वीं हिमरू शालींचें आणि वेरूळ-अजिंठ्यास जाणाऱ्या प्रवाशांच्या मुक्कामाचें म्हणून ठाऊक होतें. १९८५ सालीं वाळूज येथें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्यानंतर शहराच्या अंगीं यंत्रविद्या भिनत गेली. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत आज वाहनांचे लहानमोठे भाग घडविले जातात. कोणत्याही वस्तींत चौकशी केली तर लेथवर काम केलेला एखादा गृहस्थ सहज भेटतो. अशा शहरांतील तरुणांस दुचाकीचें एंजिन उघडून तें अधिक जोमदार करण्याची हौस वाटली, तर त्यांत नवल नाहीं. नवल याचें वाटतें कीं, ज्या गांवांत मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणें हा रोजचा धंदा आहे, त्याच गांवांत ही हौस बहुधा कांहींएक न मोजतां पुरविली जाते.

प्रकार सामान्यतः असा घडतो. महाविद्यालयांत जाणारा मुलगा घरच्यांच्या मागें लागून एक जुनी मोटारसायकल पदरांत पाडून घेतो. ती दोन-तीन हातांतून फिरून आलेली असते. पहिल्या धन्यानें ती कशी चालविली, दुसऱ्यानें तिच्या एंजिनांत काय काय बदललें, याची नोंद कोणी ठेवलेली नसते. नोंदणीच्या पुस्तकांत धन्यांचीं नांवें असतात, एंजिनाच्या पोटांतील भागांचीं नसतात. कांहीं महिन्यांनीं मित्राच्या सांगण्यावरून तो ‘जास्त उचलीचा’ कॅम मागवितो आणि पार्सल घेऊन गॅरेज गांठतो. येथून गोष्ट दोन वाटांनीं जाऊं शकते. एका वाटेवरचा मिस्त्री जुना कॅम काढून नवा बसवितो आणि संध्याकाळपर्यंत गाडी हातीं देतो. दुसऱ्या वाटेवरचा मिस्त्री पार्सल फळीवर ठेवून देतो.

“उस्ताद, पेटी अजून उघडलीच नाहीं तुम्हीं?”

“नवा कॅम कसा आहे तें पेटींत लिहिलेलें असेल, बेटा. तुझ्या हेडांत आधींच काय बसलें आहे, तें कोणत्या पेटींत लिहिलें आहे?”

या प्रश्नाचें मोल समजण्यास एंजिनाच्या टोपणाखालील व्यवहार थोडा ठाऊक हवा. गंमत अशी कीं, या शहरानें प्रथम ज्या दुचाक्यांवर हात बसविला, त्यांत हा व्यवहार नव्हताच. जुन्या टू-स्ट्रोक चेतकच्या एंजिनांत कॅम नव्हता आणि कॅमनें उचलावयाच्या झडपाही नव्हत्या. वायूची ये-जा ठराविक भोकांतून होई. बुलेट होती, पण ती थोड्यांचीच. १९८५ सालच्या हीरो होंडा सीडी-१०० नें आणि १९९१ सालच्या कावासाकी बजाज फोर-एस चॅंपियननें फोर-स्ट्रोक एंजिन मध्यमवर्गीयांच्या दारांत आणून उभें केलें, आणि त्याबरोबर झडपा, स्प्रिंगा, रॉकर हा सगळा परिवारही आला. २००१ सालीं पल्सर निघाली. त्याच वर्षीं शेंद्र्यास स्कोडाच्या मोटारी तयार होऊं लागल्या. झडप या साध्या शब्दास गॅरेजांत ‘वॉल’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा भिंतीशीं कांहीं संबंध नाहीं, हें नवख्यास सांगावें लागतें.

फोर-स्ट्रोक एंजिनाच्या माथ्यावर, म्हणजे हेडांत, निदान दोन झडपा असतात. एक पेट्रोल-हवेचें मिश्रण आंत घेते, दुसरी जळलेला धूर बाहेर सोडते. झडपेचा आकार छत्रीसारखा. दांडी वर, पसरट तोंड खालीं. ती मिटलेली ठेवण्याचें काम स्प्रिंग करते आणि उघडण्याचें काम कॅम. कॅम म्हणजे फिरत्या दांडीवरील अंड्याच्या आकाराचा उंचवटा. तो फिरत फिरत रॉकरचें एक टोंक उचलतो. रॉकर तराजूच्या दांडीप्रमाणें झुकून दुसऱ्या टोंकानें झडपेस खालीं दाबतो. उंचवटा पुढें सरकला कीं स्प्रिंग झडपेस परत ओढून घेते. स्प्रिंगीच्या माथ्यावर एक लहान वाटी असते, तिला रिटेनर म्हणतात. ती वाटी झडपेच्या दांडीस अडकवून ठेवणाऱ्या दोन अर्धगोल चकत्या असतात, त्यांस लॉक म्हणतात. हे लॉक नखाएवढे असतात, पण सर्व झडप त्यांच्यावर टांगलेली असते. लॉक सुटला तर झडप सिलिंडरांत पडते, आणि मग एंजिनांत दुरुस्त करण्याजोगें फारसें कांहीं उरत नाहीं.

कॅमची दांडी एंजिनाच्या निम्म्या वेगानें फिरते. एंजिन मिनिटास ८,००० फेरे करीत असेल तर प्रत्येक झडप मिनिटास ४,००० वेळां, म्हणजे सेकंदास सुमारें ६७ वेळां उघडून मिटते. शिवणयंत्राची सुई याच्यापुढें फारच सावकाश म्हटली पाहिजे. इतक्या वेगांत झडपेनें कॅमच्या उतारावरून न उडतां खालीं यावें, हें सर्वस्वीं स्प्रिंगीच्या जोरावर अवलंबून आहे. जोर कमी पडला तर झडप कॅमला सोडून तरंगूं लागते आणि भलत्या वेळीं पिस्टनच्या वाटेंत सांपडते. जोर फाजील झाला तर कॅमचा माथा आणि रॉकरची टांच झिजतात. म्हणून ज्यानें कॅम आंखला त्यानें त्याच्या जोडीची स्प्रिंगही मनांत धरलेली असते. एकाचा कॅम, दुसऱ्याची स्प्रिंग आणि तिसऱ्याचा रिटेनर एकत्र आणावयाचे तर तो सोयरसंबंध आधीं तपासून पाहावा लागतो.

आतां एक हिशेब. हे आंकडे समजुतीसाठीं घेतले आहेत. ते कोणत्याही विशिष्ट गाडीचे नव्हेत. समजा, जुन्या कॅमची उंचवट्यासकट उंची ३२ मिलिमीटर आणि उंचवटा सोडून मूळ वर्तुळाचा व्यास २६ मिलिमीटर आहे. म्हणजे कॅमची उचल ६ मिलिमीटर झाली. रॉकरचीं दोन्ही टोंकें मध्यापासून सारख्या अंतरावर नसतात. झडपेकडील हात सव्वापट लांब असेल तर झडप साडेसात मिलिमीटर उघडेल. टॅपेटची केसभर फट येथें सोडून दिली आहे. नव्या कॅमची उचल ७ मिलिमीटर आहे. म्हणजे झडप पावणेनऊ मिलिमीटर उघडणार. वाढ अवघी सव्वा मिलिमीटरची. एवढीशी गोष्ट म्हणून ती कोणी मोजीत नाहीं.

पण स्प्रिंगीला दबण्यास जागा किती आहे? झडप मिटलेली असतां स्प्रिंग ज्या उंचींत बसलेली असते ती ३१ मिलिमीटर धरूं. कंपनीच्या स्प्रिंगीची तार ३.२ मिलिमीटर जाड आणि वेढे साडेसहा असतील, तर सर्व वेढे एकमेकांस टेकल्यावर तिची उंची साधारणतः तारेची जाडी गुणिले वेढे, म्हणजे २०.८ मिलिमीटर होईल. दबण्यास जागा १०.२, नव्या कॅमला हवी ८.७५. जवळजवळ दीड मिलिमीटर शिल्लक राहते, आणि व्यवहारांत निदान एक मिलिमीटर शिल्लक असावी असें मानतात. काम निभेल. परंतु आधींच्या धन्यानें कोणाच्या तरी सांगण्यावरून ‘रेसिंग’ म्हणून ३.५ मिलिमीटर तारेची स्प्रिंग बसविली असेल तर? तेवढ्याच वेढ्यांची ती स्प्रिंग २२.७५ मिलिमीटरवर घट्ट होते. दबण्यास जागा उरली ८.२५. जुन्या कॅमला साडेसात पुरत होते, म्हणून गाडी वर्षभर बिनतक्रार चालली. नव्या कॅमला ८.७५ हवे आहेत आणि जागा अर्धा मिलिमीटर कमी आहे. स्प्रिंग आतां स्प्रिंग राहिली नाहीं, लोखंडाचा ठोकळा झाली. मग कॅम वांकेल, रॉकर तुटेल, कीं रिटेनर फाटून झडप खालीं पडेल, हें ज्याच्या त्याच्या दुबळेपणावर अवलंबून.

येथें एक गोष्ट मुद्दाम ध्यानांत घेण्याजोगी आहे. जी स्प्रिंग अधिक चांगली, अधिक ताठ, अधिक महाग म्हणून बसविली, तीच नव्या कॅमशीं जुळली नाहीं. भाग वाईट होता असें नव्हे. तो कोणता आहे हें ठाऊक नव्हतें, एवढाच दोष. आणि धोका केवळ खिशाला नसतो. मोटारसायकलचें एंजिन वेगांत असतां अडकलें तर मागचें चाक जागच्या जागीं जाम होऊं शकतें. जालना रोडवर मागून ट्रक येत असतां क्लच दाबण्याचें सुचण्यास जो क्षण लागतो, तो मिळेलच याची हमी नाहीं.

तेव्हां ओळख कशी पटवावी? पहिला मोह असतो तो रंग पाहण्याचा. स्प्रिंगीवर निळा, तांबडा किंवा पिवळा पट्टा दिसला कीं ती अमक्या जातीची, असें गॅरेजांत बोललें जातें. हा पट्टा कारखान्यांत स्प्रिंगा एकमेकींत मिसळूं नयेत म्हणून ओढलेला असतो. प्रत्येक कारखान्याची त्याची भाषा वेगळी. तो पुरावा म्हणून घेऊं नये. स्प्रिंगीची मोकळी लांबीही फसवी असते, कारण कंपनीची मूळ स्प्रिंग वर्षानुवर्षें दबून आंखूड होते. आंखूड दिसली म्हणून ती परकी ठरत नाहीं. साक्ष द्यावी ती तारेच्या जाडीनें. तार झिजत नाहीं, आंखूड होत नाहीं, आणि तिची जाडी व्हर्नियरनें मोजण्यास अर्धें मिनिट लागतें. शिवाय स्प्रिंगीचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चतुर्थ घातानें वाढतो. वेढे व घेर तेच ठेवून ३.२ ची तार ३.५ केली तर ताठपणा सुमारें ४३ टक्क्यांनीं वाढतो. डोळ्यांस न दिसणारा फरक यंत्राला मात्र दीडपटीजवळचा वाटतो. जाडी, वेढे, बाहेरचा घेर आणि बसलेली उंची, एवढीं चार मापें लिहून घेतलीं म्हणजे कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तकांतील आंकड्यांशीं ताळा पाहतां येतो. एकांत एक अशा दोन स्प्रिंगा असतील तर दोहोंचीं मापें निरनिराळीं घ्यावीं. बाहेरची कंपनीची आणि आंतली भलतीच, असाही प्रकार असूं शकतो.

स्प्रिंगीचे वेढे एका टोंकास दाट आणि दुसऱ्या टोंकास विरळ असतील तर दाट बाजू सामान्यतः खालीं, हेडाकडे असते. ती उलटी बसलेली आढळली तर पूर्वीं येथें कोणाचा तरी हात लागून गेला आहे असें समजावें, आणि पुढील सर्व भाग दुप्पट संशयानें पाहावेत. अशीच दुसरी चुगलखोर खूण म्हणजे स्प्रिंगीच्या बुडाशीं घातलेले जादा वॉशर. झडपेची बैठक झिजली म्हणून पुन्हा कापली कीं झडप हेडांत खोल जाते आणि तिची दांडी वर सरकते. त्यामुळें स्प्रिंगीची बसलेली उंची वाढते व जोर घटतो. जाणता मिस्त्री ती तूट वॉशर घालून भरून काढतो. म्हणून असे वॉशर दिसले कीं ते घाईनें काढून टाकूं नयेत. ते कोठें, किती जाडीचे होते, हें आधीं लिहून ठेवावें.

रिटेनरसाठीं लोहचुंबक पुरतो, पण अर्धाच. चुंबक चिकटला तर वाटी पोलादी. न चिकटल्यास ती टिटॅनियमची किंवा ॲल्युमिनियमची. दोन्ही करड्या रंगाच्या, दोन्ही हलक्या. येथें आर्किमिडीजचा जुना दाखला उपयोगी पडतो. सराफाकडील नाजूक कांट्यावर वाटी प्रथम हवेंत तोलावी, मग दोऱ्यानें पाण्यांत टांगून तोलावी. जितके ग्रॅम वजन घटेल तितके घन सेंटिमीटर तिचें आकारमान. हवेंतील वजन ९ ग्रॅम आणि पाण्यांत ७ ग्रॅम भरलें, तर घट २ ची. ९ भागिले २ म्हणजे साडेचार, आणि ही टिटॅनियमची घनता आहे. ॲल्युमिनियमची २.७ च्या आसपास येईल, पोलादाची ७.८. राजाच्या मुकुटासाठीं ज्या युक्तीची कथा सांगतात, ती मोटारसायकलच्या रिटेनरलाही लागू पडावी, यांत शाळेंत पदार्थविज्ञान शिकलेल्या कोणासही आनंद वाटेल. हलकी वाटी आढळली तर तिच्या खालच्या कडेवर नख फिरवून पाहावें. स्प्रिंगीनें खांच पाडली असेल तर ती नखाला लागते, आणि अशी वाटी नव्या कॅमखालीं पुन्हा बसवूं नये.

हाच चुंबक झडपेस लावला तर मात्र तो फसवितो. धूर सोडणारी झडप तापून लाल होण्याच्या बेतास येते, म्हणून तिच्यासाठीं क्रोमियम, मँगॅनीज व निकेल घातलेलें जें पोलाद पुष्कळदां वापरतात, तें चुंबकास ओढलें जात नाहीं. कांहीं झडपांची दांडी एका पोलादाची आणि तोंड दुसऱ्याचें, मध्यें जोड. त्यांत चुंबक दांडीस चिकटतो आणि तोंडास चिकटत नाहीं. तेव्हां चुंबक चिकटला नाहीं एवढ्यावरून झडप टिटॅनियमची, शर्यतीची, भारी किंमतीची, असा निष्कर्ष काढून विकणारा मनुष्य एकतर अडाणी असतो किंवा गिऱ्हाइकास अडाणी समजतो. झडपेची ओळख तिची एकूण लांबी, दांडीची जाडी, तोंडाचा व्यास आणि लॉकच्या खांचा यांवरून पटवावी. खांच एक कीं तीन, गोल कीं चौकोनी, हें बारकाईनें पाहावें. एका खांचेचा लॉक तीन खांचांच्या दांडीवर बसल्यासारखा दिसतो, पण बसत नाहीं. लॉकच्या उताराचा कोनही जुळावा लागतो. मोटारींच्या एंजिनांत ७ अंशांचे लॉक सर्वसाधारण आहेत आणि शर्यतीच्या कांहीं संचांत १० अंशांचे येतात. ७ अंशांचा लॉक १० अंशांच्या वाटींत घातला तर तो कडेवरच टेकतो. असा सांधा हातानें घट्ट लागतो, आणि वेगांत सुटतो.

रॉकर ओळखणें त्या मानानें सोपें. टांच घांसत जाणारी आहे कीं तिला लहान रूळ आहे, हें उघड दिसतें. दिसत नाहीं तें त्याच्या दोन हातांचें प्रमाण. तें पुस्तकावरून किंवा दुकानदाराच्या शब्दावरून धरूं नये. डायल गेज एकदां कॅमच्या बाजूस आणि एकदां झडपेच्या माथ्यावर लावून, एंजिन हातानें सावकाश फिरवून, दोन्ही उचली वाचाव्या आणि भागाकार करावा. जुना कॅम तरी कंपनीचा आहे का, हेंही याच मोजणींत कळतें. झिजलेला कॅम घांसून नवा आकार दिलेला असेल तर त्याचें मूळ वर्तुळ लहान झालेलें असतें. मग उचल बरोबर असूनही रॉकर भलत्या कोनांत काम करतो आणि त्याची टांच झडपेच्या माथ्यावर एका कडेला घांसूं लागते. झडपेच्या माथ्यावरील चकचकीत ठसा मध्यावर आहे कीं कडेला, एवढें पाहिलें तरी पुष्कळ उलगडा होतो.

बुलेटच्या बाबतींत निराळाच घोटाळा आहे, आणि तो नांवामुळें झाला आहे. ‘बुलेटचा कॅम द्या’ असें दुकानांत म्हणणें म्हणजे ‘पाटलांचें घर कोठें’ असें गांवांत विचारण्यासारखें आहे. जुन्या बिडाच्या एंजिनांत खालीं दोन स्वतंत्र कॅम, दांतेरी चाकांवर चालणारे, आणि त्यांपासून वर जाणारे दोन पुशरॉड. त्यांची फट थंड एंजिनावर, पुशरॉड बोटांनीं सहज फिरेल पण वरखालीं हलणार नाहीं, अशी लावीत. त्यानंतरच्या एंजिनांत पुशरॉड राहिले, पण टॅपेट तेलाच्या दाबावर आपली फट आपणच भरून काढणारे आले; त्यांस जुना कॅम चालत नाहीं, कारण त्या कॅमच्या उतारांची आंखणीच वेगळी. पुढें २०२० सालच्या मिटिऑर ३५० बरोबर नवें एंजिन आलें आणि कॅम वर हेडांत गेला, पुशरॉड संपले. २०२३ सालची नवी बुलेट त्याच एंजिनावर निघाली. टाकीवर नांव तेंच, पोटांत तीन वेगवेगळ्या रचना. पल्सरचेंही तसेंच आहे: १५० मध्यें दोन झडपा, तर २०१२ सालच्या २०० एनएस मध्यें चार. एंजिनावर ठोकलेला क्रमांक आणि टोपण उघडून दिसणारी रचना यांवाचून कोणताही भाग मागवूं नये.

बाजारांतील भागांविषयीं एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. कंपनीच्या वेष्टनांत नसलेला प्रत्येक भाग ‘डुप्लिकेट’ नसतो. जे कारखाने मोठ्या कंपन्यांस भाग पुरवितात, त्यांपैकीं कित्येक तसेच भाग आपल्या नांवानेंही विकतात. वाळूजच्या वसाहतींत अशी साखळी पाहावयास मिळते. दुसरा वर्ग केवळ झिजलेल्या भागाची जागा भरणाऱ्यांचा. तिसरा शर्यतीसाठीं मुद्दाम वेगळ्या मापांत घडविलेल्या भागांचा. आणि चौथा निव्वळ तोतयांचा: वेष्टन हुबेहूब, आंत भलतेंच पोलाद. पहिल्या तिघांवर बहुधा कोणता तरी शिक्का, क्रमांक किंवा घडणीची स्पष्ट खूण असते. चौथ्यावरही असते, पण ती कडेला पुसट किंवा वांकडी उमटलेली आढळते. खूण वाचून भाग ओळखतां आला तर उत्तमच. न आला तर मापांवर विश्वास ठेवावा, कारण तोतयास शिक्का उठवितां येतो, पण प्रत्येक माप व प्रत्येक वजन साधणें त्याला परवडत नाहीं.

भाग ओळखले, उचलीचा हिशेब जमला, तरी एक परीक्षा उरते, आणि तीच पुष्कळ जण टाळतात, कारण तिच्यासाठीं हेड दोनदां चढवावें लागतें. झडप जास्त उघडली म्हणजे पिस्टनच्या अधिक जवळ जाते. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळांतील मऊ मातीची पातळ वडी ठेवावी, झडपांस तेलाचें बोट लावावें, हेड जुन्या गॅस्केटसह घट्ट करावें आणि एंजिन हातानें पूर्ण दोन फेरे फिरवावें. कोठें अडथळा लागला तर जोर करूं नये. मग हेड उतरवून मातींत उठलेला ठसा पात्यानें कापून सर्वांत पातळ जागा मोजावी. मोटारींच्या कामांत आंत घेणाऱ्या झडपेखालीं सुमारें २ मिलिमीटर आणि धुराच्या झडपेखालीं अडीच मिलिमीटर राखण्याची रूढी आहे. पिस्टन अगदीं माथ्यावर असतांना धोका सर्वांत मोठा असतो अशी समजूत असते, ती चुकीची आहे. धुराची झडप मिटत असतां पिस्टन तिच्या मागें येत असतो, म्हणून तेथें जवळीक माथ्याच्या किंचित आधीं होते. आंत घेणारी झडप उघडत असतां ती पिस्टनच्या मागें लागते, म्हणून तेथें किंचित नंतर. पूर्वीं कोणी हेड घांसून पातळ केलें असेल तर हें अंतर आधींच कमी झालेलें असतें, आणि साखळी चालविणाऱ्या एंजिनांत कॅमची वेळही थोडी ढळलेली असते. जातां जातां रिटेनरचें बूड आणि गाइडवरील रबरी सील यांतील अंतरही पाहून घ्यावें. तें नव्या उचलीपेक्षां निदान एक मिलिमीटर अधिक नसेल तर वाटी दर फेऱ्यास सीलावर आदळेल आणि गाडी निळा धूर ओकूं लागेल.

एवढें सगळें करून पदरांत काय पडतें, हा प्रश्न घरांतील वडील माणसें विचारतात आणि तो रास्त आहे. जास्त उचलीचा, झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणारा कॅम आपला गुण वरच्या फेऱ्यांत दाखवितो. खालच्या फेऱ्यांत तो बहुधा ओढ घटवितो. क्रांति चौकांतील दिव्यापाशीं थांबत-सुटत जाणाऱ्यास त्याचा लाभ क्वचितच मिळेल. दोन्ही झडपा एकाच वेळीं थोड्या उघड्या राहण्याचा काळ वाढल्यामुळें न जळलेलें पेट्रोल धुराबरोबर निसटतें, आणि प्रदूषणाची तपासणी तर गाडी जागीं उभी ठेवून मंद फेऱ्यांतच होते. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांत पेट्रोलाची मात्रा संगणक ठरवितो. त्यास नव्या कॅमची वार्ता नसते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८, याचें कलम ५२ आहे. निर्मात्यानें मूळांत दिलेल्या तपशिलाशीं नोंदणीच्या दाखल्याचा मेळ राहणार नाहीं असा फेरफार धन्यास करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ मध्यें ही बाजू उचलून धरली. बंदिस्त धांवपट्टीवर चालविण्याच्या गाडीची गोष्ट वेगळी. रोज कॉलेजला आणि सुटींत पैठणला नेण्याच्या गाडीसाठीं हा खटाटोप करावा असें म्हणवत नाहीं.

फळीवरचें पार्सल तसेंच राहिलें तरी टोपण उघडण्याचे श्रम वायां जात नाहींत. त्या दुपारीं उस्तादाच्या हाताखालीं बसून मुलगा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मापें लिहीत जातो: आंत घेणारी झडप, तार ३.५, वेढे साडेसहा, बसलेली उंची ३१, बुडाशीं अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर एक, रिटेनर पोलादी, लॉक एका खांचेचे, शिक्का वाचतां येत नाहीं. धुराच्या झडपेचे भाग दुसऱ्या डब्यांत, झांकणावर खडूनें खूण करून. संध्याकाळीं सर्व भाग जेथले तेथें परत बसतात, टॅपेटची फट पुस्तकाप्रमाणें लावली जाते, आणि तो पुठ्ठा नोंदणीच्या व विम्याच्या कागदांबरोबर घरच्या कपाटांत जातो. गाडी पुढें विकली तर तिच्याबरोबर तोही द्यावयाचा, असें ठरतें.